जुने विमान : खर्च आणि मोल

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने विमान पाहिले असण्याचा संभव नाही. तथापि जगातील ज्या ज्या वस्तूंना ती चपखल लागू पडते, त्यांत वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या लहान विमानाचा क्रम फार वरचा लागेल. एखाद्या विमानतळाच्या दूरच्या कोपऱ्यात, हँगरच्या मागे, असे विमान उभे असते. चाकांतील हवा केव्हाच निघून गेलेली, पंखांवरील कापड जागोजाग फाटलेले, बसण्याच्या जागेत उंदरांनी घर केलेले आणि काचेवर धुळीचा जाड थर. मालकाला ते अडचणीचे झालेले असते. कोणी मागितले तर नाममात्र किमतीस देऊन टाकावयास तो तयार असतो. नेमका अशा वेळी एखादा हौशी मनुष्य त्या विमानासमोर येऊन उभा राहतो, त्याच्या पंखावरून हात फिरवतो आणि मनाशी म्हणतो, 'हे पुन्हा उडेल काय?'

वस्तुतः ते उडेल की नाही, हा प्रश्न तितकासा कठीण नाही. पैसा, वेळ आणि कसबी माणसे यांचा तुटवडा नसेल तर जवळजवळ कोणतेही लहान विमान पुन्हा उडवता येते. त्यासाठी होणारा खर्च सार्थकी लागेल काय, हा खरा प्रश्न आहे. त्याला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. व्यवहारी मनुष्य म्हणतो, 'दुरुस्तीच्या पैशांत दुसरे चांगले विमान येईल. या भानगडीत पडू नये.' हौशी मनुष्य म्हणतो, 'हौसेला मोल नसते.' पहिला केवळ बाजारभाव मोजतो, दुसरा काहीच मोजत नाही. आणि त्यामुळे दोघांचाही निर्णय अपुऱ्या विचारावर उभा राहतो. म्हणून हा हिशेब एकदा शांतपणे, पहिल्या रकमेपासून शेवटच्या रकमेपर्यंत मांडून पाहणे अगत्याचे आहे.

हिशेब अधांतरी राहू नये यासाठी एक ओळखीचे विमान डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. 'पुष्पक' हे ते विमान. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते तयार झाले आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. या कारखान्यातील विमानरचनेचे धुरीण डॉ. विष्णु माधव घाटगे हे होत. जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला होता. १९५१ साली आकाशात झेपावलेले 'एच. टी. २' हे शिक्षणाचे विमान ही त्यांचीच कामगिरी. मराठी माणसाने अभिमानाने स्मरावे असे हे नाव आहे. 'पुष्पक' हे त्या मानाने साधे, गरीब प्रकृतीचे विमान. शेजारी शेजारी बसणारी दोन माणसे, डोक्यावर पंख, पुढे ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन, पोलादी नळ्या जोडून केलेला धडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. अशी सुमारे दीडशे विमाने बांधली गेली आणि ती देशभरच्या फ्लाइंग क्लबांना मिळाली. कित्येक वैमानिकांनी उड्डाणाचा पहिला धडा त्यांत बसून घेतला. आज त्यांतील बहुतेक विमाने उडत नाहीत. असे एक विमान कोपऱ्यात पडलेले सापडले, तर त्याची परीक्षा कशी करावी?

प्रथम सांगाडा पाहावा. पोलादी नळीचा स्वभाव कपटी असतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, परंतु शेपटीकडील खालच्या नळ्यांत वर्षानुवर्षे पाणी आणि दमट हवा साचलेली असते आणि गंज आतून बाहेर येत असतो. अनुभवी मिस्त्री म्हणूनच रंगाकडे पाहत नाही. अणकुचीदार हत्याराने नळीवर हलके ठोके देत जातो. चांगली नळी ठणठणीत आवाज करते, कुजलेली नळी टोक आत घेते. नळीचा थोडाच भाग गेला असेल तर तो कापून नवा जोड देता येतो. पण एक नळी गेली असेल तर शेजारची कशी असेल, ही शंका तेथेच जन्म घेते आणि शंकेबरोबर खर्चही वाढतो. विकण्यापूर्वी नुकताच रंग दिलेले जुने विमान पाहून जाणता मनुष्य आनंदी होत नाही, सावध होतो, त्याचे कारण हेच.

ज्यांचे पंख लाकडी असतात, त्यांची परीक्षा याहून अवघड. प्रसिद्ध 'टायगर मॉथ' या जातीतले. त्या काळी अशा विमानांसाठी स्प्रूस नावाचे हलके, सरळ धाग्याचे लाकूड वापरीत आणि सांधे पुष्कळदा केसीन नावाच्या सरसाने जोडीत. हा सरस दुधापासून होतो. कोरड्या हवेत तो दीर्घकाळ टिकतो, पण ओल लागली की त्यावर बुरशी पोसते आणि सांध्याची पकड जाते. दिसावयास सांधा जागच्या जागी असतो, त्यात बळ मात्र राहिलेले नसते. कोकणपट्टीच्या किंवा गोव्याच्या पावसात काही वर्षे उघड्यावर काढलेल्या लाकडी पंखाबद्दल म्हणूनच डोळ्यांनी पाहून कोणताही निर्णय देता येत नाही. तो उघडावाच लागतो.

पंख उघडावयाचा म्हणजे त्यावरील कापड काढावयाचे. कापडाची परीक्षा त्या मानाने सोपी आहे. जुन्या पद्धतीच्या 'अ' प्रतीच्या सुती कापडाची ताकद नवेपणी दर इंच रुंदीला ८० पौंड ताण सोसण्याइतकी असते. ती ५६ पौंडांच्या खाली उतरली की ते कापड उड्डाणाला अपात्र ठरते. ऊन हा त्या कापडाचा मोठा शत्रू. म्हणूनच त्यावर डोप नावाच्या रोगणाचे थर देतात आणि त्यांतील काही थरांत ॲल्युमिनियमची पूड मिसळून सूर्यकिरणांना वरच्यावर अडवतात. आता बहुधा पॉलिएस्टरचे कापड वापरतात. ते इस्त्रीच्या उष्णतेने आवळून बसते आणि सुती कापडापेक्षा कितीतरी अधिक टिकते. नवे कापड चढवणे हे खर्चाचे काम खरेच. परंतु त्यात एक लाभही आहे. कापड उतरले की आतील प्रत्येक बरगडी, प्रत्येक खिळा आणि सुकाणूची प्रत्येक तार उजेडात येते. उंदरांनी घरटे केले असेल, तर त्यांच्या मूत्राने ॲल्युमिनियम कसे खाल्ले तेही दिसते. प्रामाणिक दुरुस्ती करणाऱ्याला कापड काढावेसे वाटते आणि ज्याला विमान गळ्यात मारावयाचे असते त्याला ते राहू द्यावेसे वाटते, यात पुष्कळ अर्थ आहे.

यानंतर इंजिन. येथे हौशी माणसाची सर्वांत मोठी फसगत होते. नोंदवहीत लिहिलेले असते की इंजिन केवळ तीनशे तास चालले आहे. ऐकणाऱ्याला वाटते, इंजिन तरुण आहे. पण इंजिनाचे वय केवळ तासांत मोजावयाचे नसते. 'पुष्पक'मध्ये बसवलेल्या जातीच्या इंजिनाची पूर्ण उघडून दुरुस्ती १८०० तासांनी किंवा १२ वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावी, अशी ते बनवणाऱ्या कंपनीची शिफारस आहे. तीस वर्षे न चाललेले इंजिन या दृष्टीने म्हातारेच होय. चालत्या इंजिनात तेल प्रत्येक भागावर फिरत राहते. बंद इंजिनात ते हळूहळू खाली निथळते आणि उघड्या पडलेल्या पोलादावर गंज चढतो. लायकॉमिंग जातीच्या इंजिनांत झडपा उघडणारा कॅमदांडा वरच्या बाजूस असल्यामुळे त्याला ही पीडा विशेष होते. शिवाय रबरी नळ्या कडक होतात, मॅग्नेटोतील वेष्टणे ठिसूळ होतात, कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा साचतो. असे इंजिन एखाद्या दिवशी चार फटक्यांत सुरू होऊन सर्वांना आनंदित करीलही. पण सुरू होणे निराळे आणि डोंगरावरून जाताना विश्वासाने चालत राहणे निराळे. संपूर्ण खर्चात इंजिनाची दुरुस्ती ही पुष्कळदा सर्वांत मोठी रक्कम असते.

सांगाडा, कापड आणि इंजिन यांच्या जोडीला चौथी एक गोष्ट असते. तिला वजन नसते, पण तिच्याविना विमान जमिनीवरून उठू शकत नाही. ती म्हणजे कागदपत्रे. विमानाच्या जन्मापासूनच्या नोंदवह्या, बदललेल्या भागांचे दाखले, झालेल्या अपघातांची व दुरुस्त्यांची हकीकत, आणि वेळोवेळी निघालेल्या उड्डाणयोग्यतेसंबंधीच्या आदेशांची पूर्तता, हे सारे दाखवता आले पाहिजे. आपल्या देशात हा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. इतर देशांत त्या त्या देशाची व्यवस्था आहे. ब्रिटनमध्ये पुष्कळ जुनी लहान विमाने वेगळ्या परवान्यावर उडतात आणि तेथील लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या हौशी वैमानिकांच्या संस्थेवर त्या कामाची मोठी जबाबदारी सोपवलेली आहे. जेथे अशी सोय पुरेशी नसते तेथे जुन्या विमानाच्या मालकाला कारखान्यातल्या इतकेच कचेऱ्यांतही हेलपाटे घालावे लागतात. नोंदवह्या हरवलेले विमान म्हणजे जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि घराचे खरेदीखत एकदम हरवलेला मनुष्य. तो जिवंत असतो, पण ते सिद्ध करता करता त्याचा जीव जातो.

आता बेरीज करावी. विमान मिळाले जवळजवळ फुकट. त्याला उचलून कार्यशाळेत आणावे लागले. सांगाड्याची साफसफाई व जोडकाम झाले. कापड, रोगण, नव्या तारा, नवी चाके, नवी काच, उपकरणांची तपासणी, प्रॉपेलरची तपासणी, इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती आणि या सर्वांवर परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीचे व सहीचे मोल. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जे म्हणतात त्यात तिसरी भर घालावयाची झाली तर जुने विमान पाहावे उघडून, अशी घालावी लागेल. प्रथम काढलेला अंदाज हा बहुधा शेवटच्या बेरजेचा एक भागच ठरतो, कारण आत काय आहे ते उघडल्यावरच कळते. आणि तयार झालेले विमान बाजारात नेले तर खर्चलेली रक्कम परत मिळण्याची आशा क्वचितच असते. येथपर्यंत व्यवहारी माणसाचे म्हणणे खरे आहे. नफ्यासाठी कोणी जुने लहान विमान दुरुस्त करीत असेल, तर त्याने ते करू नये.

परंतु हिशेब येथे संपत नाही. ज्या दिवशी विमान पुन्हा उडते तो दिवस खर्चाचा शेवट नसून दुसऱ्या खर्चाचा आरंभ असतो. हँगरचे भाडे, विमा, दरवर्षीची तपासणी, इंधन आणि वैमानिकाचा सराव ही कायमची देणी सुरू होतात. या इंजिनांना लागणारे विशेष पेट्रोल भारताला दीर्घकाळ परदेशातून आणावे लागत असे. २०२२ साली वडोदऱ्याजवळील गुजरात रिफायनरीत ते तयार होऊ लागल्याची घोषणा झाली, हा त्यातल्या त्यात दिलासा. एकदा केलेली दुरुस्तीही कायमची नसते. १९३४ साली अलाहाबादवरून जाणारी लंडन ते मेलबर्न ही शर्यत जिंकलेले 'कॉमेट' नावाचे लाकडी विमान इंग्लंडमध्ये अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९८७ साली पुन्हा उडाले. पुढे उतरण्याच्या चाकांच्या दोषांमुळे ते दीर्घकाळ भूमीवरच राहिले आणि २०१४ साली परत आकाशात गेले. ते विमान जगप्रसिद्ध होते, त्याच्या पाठीशी मोठा संग्रह होता, म्हणून हे निभावले. एकट्या माणसाची पुंजी अशा दोन फेऱ्यांत संपून जाते.

आणि पैशांपलीकडेही एक किंमत आहे, तिचा उल्लेख टाळून चालणार नाही. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ एक 'टायगर मॉथ' हवेतच मोडले आणि त्यातील दोघेही मृत्यू पावले. तेथील सरकारी चौकशीत आढळले की धडातून आडव्या जाणाऱ्या आणि पंखांचा ताण पेलणाऱ्या दोन्ही पोलादी सळया तुटल्या होत्या. त्यांच्या आट्यांत आधीपासूनच चिरा पडलेल्या होत्या. त्या सळया मूळ नव्हत्या; नंतर तयार केलेल्या पर्यायी सळया होत्या. सबंध विमानाच्या किमतीत त्यांचा वाटा किती अल्प असेल! दुसरे उदाहरण स्टीव्ह विटमन यांचे. अमेरिकेतील हा नामांकित शर्यतपटू आणि विमानरचनाकार १९९५ साली, नव्वदी उलटल्यावर, स्वतः बांधलेल्या विमानाच्या अपघातात पत्नीसह निधन पावला. पंखावरील कापड नीट चिकटवले गेले नव्हते, ते सुटले आणि पंख थरथरून मोडला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. ज्याच्या हातात आयुष्यभराचा अनुभव होता त्याची ही गत, तर चार पुस्तके वाचून कामाला लागलेल्या हौशी माणसाने किती सावध असावे? काटकसर रंगात करता येते, आसनांच्या गादीत करता येते. सांध्यात, सळईत आणि सरसात केलेली काटकसर ही काटकसर नव्हे.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग हा नाद सोडूनच द्यावा. परंतु दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावयास हवे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाच्या लहानशा 'पस मॉथ' विमानातून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. टाटांच्या हवाई टपालवाहतुकीचा तो आरंभ. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, तो त्याच घराण्यातील 'लेपर्ड मॉथ' या विमानातून. ते विमानही सुमारे अर्धशतकाचे होते. पुस्तकातील एका ओळीने किंवा भिंतीवरील एका छायाचित्राने जे साधले नसते ते त्या दिवशी जुहूला साधले. इतके हलके, इतके लहान यंत्र. आणि एवढ्या यंत्राच्या भरवशावर एक देशव्यापी उद्योग उभा राहिला, हे लोकांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. ते विमान कोणी जपले नसते, त्याच्या इंजिनाला हात लावण्याचे ज्ञान कोणापाशी राहिले नसते, तर तो दिवस उगवलाच नसता.

इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहाची कथाही अशीच बोधप्रद आहे. १९१२ साली बांधलेले ब्लॅकबर्न कंपनीचे एक छोटे विमान पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोडतोड होऊन अडगळीत पडले होते. सुमारे पाव शतक कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. रिचर्ड शटलवर्थ या तरुणाने दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याचे अवशेष मिळवले आणि दुरुस्ती आरंभली. १९४० साली हा तरुण वायुदलात असताना विमान अपघातात मरण पावला. त्याच्या आईने १९४४ साली त्याच्या स्मरणार्थ विश्वस्त निधी स्थापन केला. अर्धवट राहिलेले काम इतरांनी पुरे केले आणि १९४७ साली ते विमान उडाले. आजही उडण्याजोग्या अवस्थेत असलेल्या ब्रिटिश विमानांत ते सर्वांत जुने समजले जाते. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्याने काम सुरू केले तो ते पाहावयास उरला नाही. तरीही काम बुडाले नाही. कारण ते एका माणसाच्या हौसेतून निघून एका संस्थेच्या हाती आले होते, आणि त्या संस्थेत एक मिस्त्री दुसऱ्याला शिकवीत होता.

या गोष्टीचे महत्त्व आपल्याकडील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. 'टायगर मॉथ' हे विमान १९३१ साली प्रथम उडाले आणि पुढे आठ हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले. एके काळी भारताच्या वायुदलात आणि फ्लाइंग क्लबांत या विमानांचा मोठा वावर होता. त्यांचे कापड शिवणारे, त्यावर रोगण चढवणारे, लाकडी बरगड्या जोडणारे, 'जिप्सी मेजर' इंजिनाचा आवाज ऐकून त्याचे दुखणे सांगणारे कारागीर या देशात होते. त्यांतील पुष्कळ जण नाव मागे न ठेवता गेले. पुढे आपल्या वायुदलाच्या ऐतिहासिक विमानांच्या तुकडीसाठी एक 'टायगर मॉथ' पुन्हा उडते करावयाचे ठरले तेव्हा ते काम ब्रिटनमध्ये करून घ्यावे लागले. ८ ऑक्टोबर २०१२ रोजी वायुदल दिनी हिंडन येथे ते विमान उडाले आणि पाहणाऱ्यांची मने भरून आली. तो आनंद खरा होता. परंतु जे काम पूर्वी आपल्या हँगरातील मिस्त्री नित्याचे म्हणून करीत, त्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जावे लागले, हेही तितकेच खरे. दुरुस्तीच्या खर्चात आज जी एवढी मोठी रक्कम दिसते, तिच्यातील बराच वाटा लाकडाचा नसतो, लोखंडाचाही नसतो. हरवलेल्या विद्येचा तो दंड असतो.

म्हणून जुन्या विमानाच्या दुरुस्तीचे खरे उत्पन्न त्याच्या विक्रीच्या किमतीत शोधू नये. ते काम करताना किती हात शिकून तयार झाले आणि नंतर किती तास ते विमान सुरक्षित उडाले, यांत ते शोधावे. एखाद्या तंत्रशाळेतील दहा विद्यार्थी एका जुन्या 'पुष्पक'चे कापड उतरवून, नळ्या तपासून, नवे कापड चढवून पाहतील, तर पुढे आधुनिक विमानांच्या कारखान्यांत गेल्यावरही त्यांना सांधा म्हणजे काय, ताण म्हणजे काय, आणि सही करणे म्हणजे कोणती जबाबदारी घेणे, हे कोणी निराळे सांगावे लागणार नाही. असे शिक्षण देणारे विमान शेवटी उडाले नाही तरी खर्च फुकट गेला असे म्हणता येणार नाही. उलटपक्षी, एखाद्या धनिकाने सर्व काम परस्पर करून घेतले, विमान एकदा उडवले, छायाचित्र काढले आणि ते परत कोपऱ्यात उभे केले, तर त्याचा सारा पैसा पाण्यात गेला. दहा वर्षांनी ते विमान पूर्वीच्याच अवस्थेत सापडेल.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. प्रत्येक जुन्या विमानाला उडवणे हाच त्याचा सन्मान, असे नाही. ज्याचे मूळ लाकूड, मूळ कापड आणि मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक आहेत, जे आपल्या जातीतील शेवटच्या काहींपैकी आहे, त्याला उडते करण्यासाठी त्याचे निम्मे शरीर बदलावे लागत असेल, तर ते करू नये. बदलल्यावर नवे विमान हाती येईल. जुने मात्र जाईल. गोव्यात दाबोळी येथे १९९८ साली सुरू झालेल्या नौदलाच्या विमानसंग्रहालयात 'सीलँड' हे पाण्यावर व जमिनीवर उतरणारे विमान ठेवलेले आहे. आपल्या नौदलाच्या विमानदलाचा प्रारंभ १९५३ साली याच जातीच्या विमानांनी झाला. त्याने पुन्हा उडावे असा आग्रह कोणी धरू नये. पण खाऱ्या वाऱ्यापासून त्याचे रक्षण व्हावे, त्याच्या पोटात पाणी साचू नये, त्याच्या रंगाखाली गंज पोसला जाऊ नये, एवढा आग्रह मात्र अवश्य धरावा. तोही खर्चच आहे. परंतु उडते करण्याच्या मानाने तो अल्प आहे आणि त्याचे फळ प्रत्येक पाहणाऱ्याला मिळते. तिसरा मार्ग म्हणजे जे विमान कोणत्याही उपायाने सावरण्यापलीकडे गेले आहे त्याचे चांगले भाग काढून, तपासून, दुसऱ्या विमानाला देणे. त्यात अपमान नाही. तीन मोडक्या विमानांतून एक सुदृढ विमान उभे राहिले, तर त्या तिघांचेही आयुष्य वाया गेले नाही, असेच म्हणावे लागेल.

मग त्या हौशी माणसाने काय करावे? त्याने खिशात हात घालण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावी. सांगाडा खरोखर शाबूत आहे, असे स्वतःच्या आवडत्या मिस्त्रीने नव्हे, तर तटस्थ जाणकाराने सांगितले आहे काय? नोंदवह्या आहेत काय आणि परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा आहे काय, याची कचेरीत चौकशी झाली आहे काय? काढलेला अंदाज दुप्पट झाला तर घरातील मुलांचे शिक्षण आणि म्हाताऱ्यांचे औषध यांना हात न लावता तो पेलेल काय? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : पहिल्या उड्डाणानंतर पाचव्या वर्षी हे विमान कोण उडवीत असेल आणि त्याच्या इंजिनाचे झाकण कोण उघडीत असेल? या शेवटच्या प्रश्नाला एखाद्या क्लबचे, शाळेचे किंवा चार-पाच जणांच्या निश्चयी मंडळाचे नाव उत्तर म्हणून लिहिता येत असेल, तर बाजारभाव काहीही असो, तो खर्च करावयास हरकत नाही. तेथे केवळ स्वतःचेच नाव येत असेल, तर पुन्हा विचार करावा. आणि ती जागा कोरीच राहत असेल, तर ते विमान संग्रहालयाला द्यावे.

जाता जाता जे आज उडत आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे न करावी लागलेली दुरुस्ती. विमान छपराखाली ठेवावे. ते जमत नसेल तर निदान त्यावर चांगले आच्छादन घालावे आणि पोटातील पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवावी. काही मालक महिन्यातून एकदा इंजिन जमिनीवरच पाच-दहा मिनिटे चालवतात आणि आपण त्याची निगा राखली असे समजतात. त्याने हित होत नाही. इतक्या थोड्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, आत जमलेली वाफ बाहेर पडत नाही आणि गंजाला मदतच होते. विमान नियमित उडवावे. आणि दीर्घकाळ उडवता येणार नसेल तर संरक्षक तेल घालून, ओल शोषणाऱ्या पुड्या लावून, इंजिन रीतसर बंद करून ठेवावे. एका दिवसाचे हे काम आहे. ते आज केले, तर वीस वर्षांनी त्या विमानासमोर उभ्या राहणाऱ्या तरुणाला एवढा मोठा हिशेब मांडत बसण्याची पाळी येणार नाही.